बेबीच्या वतीने

फोन काकूचा होता. ती जेवणाच्या वेळेला कधी फोन करत नाही, कारण विश्रांतवाडीच्या त्या घरात जेवणाआधी एक ठरलेला प्रकार चालायचा आणि त्यात फोनला जागा नसायची. मी इकडे बिबवेवाडीत कणीक मळत होते. पिठाच्याच हाताने फोन कानाला लावला. "नंदा," काकू म्हणाली, "पानं घेऊन केव्हाची बसलेय. आज यांनी हाक मारलीच नाही. म्हणून मीच मारली, तर उत्तर देत नाहीत गं..." आवाजात रडू नव्हतं, तक्रार होती. बाळकाका मुद्दाम गप्प बसलेत आणि मी येऊन त्यांना दोन शब्द सुनवावेत, असा तो सूर होता. शहराच्या या टोकाहून त्या टोकाला पोचेपर्यंत खालच्या मजल्यावरचे डॉक्टर येऊन गेले होते. बाळकाका आपल्या खुर्चीत होते, चष्मा कपाळावर, वर्तमानपत्र मांडीवर. टेबलावर दोन पानं तशीच, वर ताटल्या झाकलेल्या.

नंतरच्या दिवसांत भेटायला येणारे जे म्हणतात तेच म्हणत होते. कुणाकडून काही करून घेतलं नाही, चालतेबोलते गेले, भाग्यवान. इथपर्यंत ठीक होतं. पण 'सगळं करून गेले हो' असं कुणी म्हटलं की मला राग यायचा, अजून येतो. सगळं करून गेलेले नाहीत ते. एक काम अर्धं आहे. त्यांनी ते हट्टाने चालवलं होतं, आणि तो हट्ट कशासाठी होता हे फार थोड्यांना माहीत आहे. म्हणून हे लिहायला बसले. श्रद्धांजली हा शब्द मात्र वापरणार नाही. 'वाहायला मी काय देव्हारा आहे का?' असं म्हणाले असते.

बाळकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, एका शाळेत भूगोल शिकवायचे. अण्णांनी जन्मात एकच पुस्तक लिहिलं, 'विसरमुलूख'. ज्यांनी लहानपणी शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तकं फाटेपर्यंत वाचली, त्यातल्या पुष्कळांना ते आठवत असेल. दादा, बेबी आणि बाळ ही तीन भावंडं झऱ्याच्या उगमातून डोंगराच्या पोटात शिरतात आणि अशा मुलखात पोचतात जिथे माणूस हळूहळू स्वतःचं नाव विसरतो. नाव विसरला की घर विसरतो आणि मग तिथलाच होऊन जातो. त्यावर उपाय एकच. दुसऱ्याने त्याला नावाने हाक मारायची आणि त्याने 'आहे' म्हणायचं. अख्खी कादंबरी या तिघांच्या हाकांवर चालते. पुढे एका भुयारात बेबीचा आवाजच जातो. दादा हाक मारतो आणि तिला उत्तर देता येत नाही. तेव्हा धाकटा बाळ तिच्या वतीने 'आहे' म्हणतो, आणि तिचा आवाज परत येईपर्यंत म्हणत राहतो. शेवटी तिघंही घरी येतात. आई जेवायला हाक मारते, तीन नावं घेते, तीन उत्तरं येतात आणि पुस्तक संपतं.

यातला डोंगर खोटा, हाका खऱ्या. अण्णांना शाळेची सवय, त्यामुळे ते घरीही पानं वाढली की हजेरी घ्यायचे. दादा म्हणजे माझे वडील, बाळ म्हणजे बाळकाका, आणि बेबी ही त्या दोघांच्या मधली बहीण. डावखुरी होती, जेवताना डावा हात पुढे करायची आणि रोज आजीची बोलणी खायची. तिच्याबद्दल आम्हाला माहीत आहे ते एवढंच. त्या वर्षी दिवाळीत स्टुडिओत जाऊन तिघांचा फोटो काढायचा असं ठरलं होतं, पण दसऱ्याच्या आधीच ती घटसर्पाने गेली. त्यामुळे तिचा फोटो नाही. एकही नाही. पुढचं मला माझ्या वडिलांनी सांगितलं, तेही एकदाच. काही दिवसांनी घरात पुन्हा नीट स्वयंपाक झाला, सगळे पानांवर बसले, आणि अण्णांनी सवयीने सुरुवात केली. "दादा?" "आहे." "बेबी?" ...अण्णांच्या लक्षात आलं तेव्हा शब्द तोंडातून गेलेला होता. आजीचा वाढता हात थांबला. कुणी कुणाकडे बघेना. आणि तेवढ्यात, अजून शाळेतही न जाणारा बाळ आपल्या पाटावरून म्हणाला, "आहे." अण्णांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि पुढचं नाव घेतलं. "बाळ?" "आहे." मग सगळे जेवले. त्या दिवसापासून तिचं नाव रोज घेतलं गेलं आणि बाळने रोज दोनदा उत्तर दिलं. त्यावर घरात कधीही चर्चा झाली नाही. पुस्तक नंतर कितीतरी वर्षांनी आलं.

माझ्या वडिलांना हे सोसायचं नाही, त्यांनी आपल्या संसारात ही पद्धत आणली नाही. बाळकाकांनी ती सोडली नाही. टेलिफोन खात्यात नोकरी केली, विश्रांतवाडीत घर घेतलं, मूलबाळ झालं नाही, पण टेबलावर पानं आली की हजेरी व्हायचीच. पाहुणा असेल तर त्याचीही. माझ्या लग्नानंतर माझा नवरा पहिल्यांदा तिथे जेवायला बसला तेव्हा स्वतःचं नाव ऐकून बिचारा उठून उभाच राहिला! काकूला या प्रकाराचा मनस्वी कंटाळा. "दोन माणसांची कसली हजेरी? शाळा आहे का ही?" असं ती लग्न झाल्यापासून म्हणत आली. तिने तोंडाने कधी उत्तर दिलं नाही. काकांनी "सुधा?" म्हटलं की ती आमटीच्या पातेल्यावर पळी आपटायची. ते तिचं 'आहे'. मग काका म्हणायचे, "बेबी?" आणि स्वतःच, जरा बारीक आवाजात, "आहे." म्हातारपणी त्यांचा आवाज घोगरा झाला, पण हे एक 'आहे' बारीकच राहिलं.

तर अशा माणसाकडे एक दिवस मालिका काढणारी मंडळी आली. 'विसरमुलूख' टीव्हीवर आणायचं होतं. पुस्तकाचे हक्क काकांकडे आणि माझ्याकडे होते, वडील तोपर्यंत गेले होते. काकांइतका खूष झालेला माणूस मी पाहिलेला नाही. करारातलं प्रत्येक पान त्यांनी वाचलं, नावं बदलू नका म्हणाले नाहीत, डोंगर असाच हवा म्हणाले नाहीत. एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली. "मुलगी डावखुरी घ्या. उजव्या हाताची घेऊन डाव्याने जेवायला लावलंत तर मला कळेल." त्यांनी माना डोलावल्या. करारात 'आवश्यक ते बदल करण्याची मुभा' असे शब्द होते, आणि आम्ही दोघांनी ते वाचून खुशाल सह्या केल्या. आम्हाला वाटलं बदल म्हणजे कपडे, राक्षस, फार तर गाणी घालतील. घरातली माणसं काढून टाकणं हाही बदल असतो, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. कुणाच्या येईल?

पहिला भाग बघायला मी विश्रांतवाडीला गेले. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पडद्यावर एकटाच एक मुलगा डोंगर चढत होता. त्याच्या गळ्यात निळं चमकणारं लॉकेट होतं. "मागून येत असतील दोघं," काका म्हणाले. मुलगा झऱ्यापाशी पोचला, भुयारात शिरला, भाग संपला. "पुढच्या भागात येतील." पुढच्या भागातही आली नाहीत. काका दर शनिवारी खुर्ची टीव्हीच्या थोडी जवळ ओढायचे, मुलं लांबून येताना दिसतील म्हणून की काय कोण जाणे. चौथ्या भागात भुयाराचा प्रसंग आला. मुलगा नाव विसरायला लागला, तेव्हा लॉकेट उजळलं आणि त्यातून त्याचं नाव घुमलं. अद्वय, अद्वय. भावंडंच नसल्यावर दादा कुणाचा म्हणणार, म्हणून नावही बदललेलं. काकांनी टीव्ही बंद केला. "अद्वय म्हणजे ज्याला दुसरा नाही तो," म्हणाले. "नाव मात्र विचार करून ठेवलंय. दोन भावंडं गेली आणि एक लॉकेट आलं." काकूने पानं घेतली. काकांनी हजेरी घेतली. बेबीच्या नावाला त्या दिवशी उत्तर यायला वेळ लागला, पण आलं.

दुसरा असता तर वकील गाठला असता किंवा पेपरात पत्र लिहिलं असतं. काका मला घेऊन थेट मालिकावाल्यांच्या बाणेरच्या कचेरीत गेले. समोर मालिकेची लेखिका बसली, कल्याणी नावाची, अमरावतीकडची, माझ्या मुलीच्या वयाची. पोरगी भली होती. "काका, तुमची फीलिंग मी समजू शकते ना," ती म्हणाली. "मलाही वाईट वाटून राहिलं. पण चॅनेलचं म्हणणं होतं, तीन किड्स लीडमध्ये घेतले तर स्क्रीनटाइम वाटला जातो, ऑडियन्स अटॅच होत नाही."

"आमच्या घरी तीनच होतो," काका म्हणाले. "आईवडील तिघांनाही अटॅच होते. अडचण आली नाही."

ती ओशाळून हसली. मग काकांनी तिला पाटावरची ती गोष्ट सांगितली. माझ्या देखत ती त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी सांगितली नव्हती. सांगताना आवाज अजिबात हलला नाही, टेलिफोनची लाइन कुठे तुटलीय ते सांगावं तसं सांगितलं. कल्याणीच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. "मला मारून टाकलं असतंत तरी चाललं असतं," काका म्हणाले. "गोष्टीत माणसं मरतात. पण तुम्ही आम्हाला जन्मालाच घातलं नाहीत. माझं जाऊ दे, मी इथे तुझ्यासमोर चहा पितोय. तिला दुसरी जागा नाही. शेवटच्या भागात आई जेवायला हाक मारते, तिथे तीन नावं घे. मुलगी दाखवू नकोस, उत्तर देऊ नकोस. आईच्या तोंडी नाव घे, बस." कल्याणीने वही बाजूला सारली आणि शब्द दिला की ती भांडेल.

काका तिच्या भांडणावर विसंबून राहिले नाहीत. पुढच्याच रविवारी त्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना 'विसरमुलूख' वाचून दाखवायला सुरुवात केली. सेक्रेटरींनी परवानगी देताना सुनावलं, "वाचन करा, पण पंखे आठवणीने बंद करा. पुस्तकात नसतील, बिलात असतात." पहिल्या रविवारी मोजकीच मुलं आली, तीही लिमलेटच्या गोळ्यांसाठी. दर आठवड्याला गर्दी वाढत गेली. मालिका सगळ्यांनी पाहिलेली, त्यामुळे पुस्तकात दादाच्या मागून बेबी आणि बाळ आले की मुलं चक्रावायची. तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीने विचारलं, "आजोबा, मग टीव्हीत ती का नाहीये?"

"तिला बोलावलं नाही."

"हे अनफेअर आहे."

"आहेच," काका म्हणाले. "म्हणून तर आपण बसलोय." वाचनाआधी ते हजेरी घ्यायचे. सगळ्यांची नावं झाली की बेबीचं, आणि उत्तर स्वतः द्यायचे. मुलांना आधी हसू यायचं, मग येईनासं झालं. मी जमेल तेव्हा जात होते. गुडघे दुखायचे, पावसात दम लागायचा, पण त्यांनी एक रविवार चुकवला नाही. मी म्हटलं, "काका, एखाद्या वेळी राहिलं तर काय बिघडतं?" तर म्हणाले, "एखाद्या वेळी जेवायची राहतेस का तू?"

शेवटचा भाग दिसायच्या आदल्या दिवशी कल्याणीचा फोन आला. आईच्या तोंडी तिन्ही नावं तिने लिहिली होती, चित्रीकरणही झालं होतं, पण वरच्यांनी ते कापलं. सांगताना तिचाच आवाज फुटत होता. काका शांत होते. "त्या बाईंनी कॅमेऱ्यासमोर बेबी म्हटलं ना? मग तू तुझं काम केलंस. आता आम्ही आमचं करतो."

तो भाग त्यांनी हॉलमध्ये मुलांच्या बरोबर पाहिला. मी आणि काकू मागे बसलो होतो. पडद्यावर मुलगा घरी आला. आईने पान मांडलं, एकच पान, आणि हाक मारली, "अद्वय, जेवायला ये रे." तो येऊन बसला. संगीत सुरू झालं. काका पुढे खुर्चीत होते, मला त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी घसा खाकरला आणि नेहमीच्याच आवाजात म्हटलं, "दादा?" मुलांना काही सांगितलेलं नव्हतं. दोनचार जण पटकन म्हणाले, "आहे." काका म्हणाले, "बेबी?" आणि स्वतः उत्तर द्यायला त्यांनी श्वास घेतला, मला खांदे वर झालेले दिसले... त्याआधीच अख्खा हॉल ओरडला, "आहे!" काकांचे खांदे हळूहळू खाली आले. तिसरं नाव त्यांनी घेतलंच नाही. पडद्यावर काय चाललं होतं ते कुणी पाहिलं नाही. घरी जाताना जिन्यात त्यांनी माझा हात धरला, एरवी कधी धरायचे नाहीत. म्हणाले, "नंदा, आज मला उत्तर द्यावं लागलं नाही." मला रडू आवरलं नाही. ते मात्र प्रसन्न होते, चेहरा धुऊन आल्यासारखा स्वच्छ दिसत होता. काकू वरून ओरडली, "जिन्यात काय उभे राहिलात? गार होतंय सगळं."

त्यानंतर काही महिन्यांनी ते गेले. आपला वाटा त्यांनी माझ्या नावे करून ठेवला होता, त्यामुळे आता पुस्तकाचे हक्क माझ्या एकटीकडे आहेत. मालिका म्हणे चांगली चालली, दुसरं पर्व काढायचं आहे, पहिल्या करारात ते नव्हतं म्हणून नवी सही हवी आहे. मंडळी घरी आली, काकांच्या जाण्याबद्दल दोन शब्द बोलली आणि कागद पुढे केले. मी म्हटलं, तीन मुलं. त्यातली एक डावखुरी. हाका मुलंच मारतील, लॉकेट नको. त्यांच्यातला एक म्हणाला, "मॅडम, एका मुलावर ब्रँड उभा राहिलाय, आता मध्येच भावंडं आणायची कुठून?" म्हटलं, "घरात असतील बघा. जेवायला हाक मारा, येतील." मी इतकं तिरकं बोलू शकते हे मलाच नवीन होतं. विचार करून कळवतो म्हणालेत. करू देत. कल्याणी परवा फोनवर म्हणाली, "ताई, पकडून ठेवा." मी पकडूनच आहे. आणि काकांचे रविवार आता माझे आहेत. बिबवेवाडीहून विश्रांतवाडी म्हणजे एक दिवस जातो, जातो तर जातो. पुस्तक आम्ही पुन्हा पहिल्यापासून घेतलंय आणि पंखे मी आठवणीने बंद करते.

गेल्या रविवारी वाचन झाल्यावर वर गेले. काकूने माझ्यासाठी आमटी-भात केला होता. टेबल तेच, खिडकीकडची त्यांची खुर्ची तिथेच, पाठीवर त्यांचा टॉवेल अजून टाकलेला. ते गेल्यापासून त्या टेबलावर हजेरी झाली नव्हती. विषय काढायचं धाडस मला झालं नव्हतं, आणि काकूचं तर काय, ती सुटलीच असं मी धरून चालले होते. मी भाताकडे हात नेला तशी ती म्हणाली, "थांब." पळी हातात धरून ती उभी होती. माझ्याकडे न बघता तिने हाक मारली. "नंदा?"

मी म्हटलं, "आहे."

"बेबी?"

इतकी वर्षं या नावाला जो उत्तर द्यायचा त्याची खुर्ची रिकामी होती. काकू वाट बघत होती, पळीतली आमटी थेंब थेंब पातेल्यात पडत होती. मला एकदम कळलं की ही माझ्यासाठीच थांबली आहे. मी म्हटलं, "आहे." आवाज आपोआप बारीक झाला.

काकूने मान हलवली. मग खुर्चीकडे वळली. नवऱ्याचं नाव तिने आयुष्यात कधी घेतलं नाही, आताही घेतलं नाही. "अहो?" म्हणाली. थोडं थांबली. मग ठासून, कुणाची छाती आहे नाही म्हणायची अशा सुरात, स्वतःच म्हणाली, "आहेत."

आणि पातेल्याच्या काठावर पळी आपटून तिने मला आमटी वाढली.